नळी कोणाची?

बँकेत कारकुनी करून मला तेवीस वर्षं झाली. एवढ्या काळात संध्याकाळी माझी कॅश जुळली नाही असं फार तर चार-पाच वेळा घडलं असेल, आणि त्यातही दोनदा पैसे जास्त निघाले होते. (जास्त निघालेले पैसे कमी निघालेल्या पैशांपेक्षा जास्त झोप उडवतात, हे ज्यानं कॅश सांभाळली नाही त्याला पटायचं नाही.) पण माझ्या स्वतःच्या घरात एक हिशोब असा आहे, की तो आजवर एकदाही जुळलेला नाही. वर्षातून एकदाच मांडावा लागतो, पोळ्याच्या करीला. त्या हिशोबाचं नाव नळी.

नळी म्हणजे बोकडाच्या पायाचं पोकळ हाड. शाकाहारी वाचकांनी इथे शेवग्याची शेंग डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे अर्धं समजेल. उरलेलं अर्धं समजायला बोकडच लागतो. आतला गर ओढून घ्यायचा असतो. ओढून आला नाही तर नळी ताटावर आपटायची, पुन्हा ओढायची. करीच्या दुपारी आमच्या वाशीमच्या गल्लीतून तुम्ही चालत गेलात तर उघड्या दारांतून 'टक, टक' असा आवाज येतो. परक्या माणसाला वाटावं, गावात सोनारच फार आहेत.

करीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. श्रावणभर आमच्या घरात मांस-मच्छीचं नाव काढायचं नाही. श्रावणी अमावस्येला पोळा. दारावर पळसाच्या डहाळ्या, बैलाच्या शिंगांना बेगड, घरात पुरणपोळी, कढी, भजी. दुसरा दिवस कर. आणि भाद्रपदाच्या चौथीला गणपती दारात हजर. म्हणजे महिनाभराच्या उपासानंतर आणि दहा दिवसांच्या उपासाआधी खिडकी उघडी राहते ती जेमतेम दोन-तीन दिवस. आमची बँक मार्चअखेरीलासुद्धा इतक्या घाईत नसते.

सणाच्या जेवणातल्या मांसाचा मानाचा तुकडा कोणाला, ही चिंता काही एकट्या वऱ्हाडची नाही. इंग्लंड-अमेरिकेत नाताळच्या जेवणाला बैलाच्या बरगड्यांचा अख्खा तुकडा भट्टीत भाजून टेबलावर आणतात. त्याला प्राइम रिब म्हणतात. सोबत कुस्करलेला बटाटा आणि मांसातून गळलेल्या रसाचं दाटसर कालवण. मग घरातला कर्ता पुरुष उभा राहतो, सुरी परजतो आणि काप काढून एकेकाला वाढतो. कडेचा खरपूस काप कोणाला, मधला लुसलुशीत कोणाला, हे तो ठरवतो. आमच्याकडे बैलाची जागा सणाच्या ताटात नसून ताटासमोर असते. पोळ्याची पहिली पुरणपोळी त्याची. त्यामुळे प्राइम रिबचा आणि आमचा संबंध येत नाही. पण प्रश्न तोच आहे. तिकडे तो कापणारा सोडवतो, आमच्याकडे रांधणारी.

लहानपणी मात्र हा प्रश्न आमच्या गावानं फार शिस्तीत सोडवलेला मी पाहिला आहे. आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. त्या वेळी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. १ जुलै १९९८ ला अकोल्याचे दोन वाटे झाले आणि वाशीमचा वाटा वेगळा निघाला. खरं म्हणजे आमच्या वाशीमला जी काही प्रतिष्ठा मिळाली ती प्रत्येक वेळी वाटणीतूनच. वाकाटकांच्या घरात दोन पाती झाल्या, एक नंदिवर्धनाला राहिली आणि दुसरी इथे वत्सगुल्माला आली, म्हणून तर हे राजधानीचं गाव. तेव्हा वाटणी हा विषय आमच्या पाण्यातच आहे असं समजा.

तर करीच्या सकाळी आठ घरं मिळून एक बोकड घ्यायची. तो कापून, तोडून झाला की ओट्यावर पळसाच्या पानांवर आठ वाटे पडायचे. वाटे घालायचं काम आमच्या मोठ्या बाबांचं. तराजू नाही, काटा नाही. मांडीचं मांस प्रत्येकात थोडं, बरगडी थोडी, मानेचं थोडं, काळजाचा एकेक तुकडा. या वाट्यातून उचलून त्यात, त्यातून उचलून तिसऱ्यात, असं तासभर चालायचं. मोठे बाबा एरवी शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी कोर्टात भांडत होते. पण मटणाच्या वाट्यात त्यांनी पावशेराचाही फरक कधी पडू दिला नाही.

एवढं करूनही वाटे काही सारखे होत नसत. बोकडाला पाय चार, घरं आठ. मग युक्ती अशी, की एका पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. मोठे बाबा काठीनं एका वाट्याला शिवायचे आणि विचारायचे, "हा कोणाचा?" पोरानं न पाहता एका घराचं नाव घ्यायचं. त्याच्या तोंडून जे नाव निघेल त्याचा तो वाटा. मग कुरकुर नाही. पोर निष्पाप असतं, असा त्यामागचा समज.

१९८९ सालच्या करीला ते निष्पाप पोर मी होतो. वय वर्षं दहा.

भिंतीशी आमचीच पितळेची घागर ठेवलेली होती. पोळा म्हणून मायनं ती आदल्या दिवशी चिंच लावून घासली होती. सोन्यासारखी लखलखत होती. तिच्या पोटात मला सगळा ओटा दिसला. वाकडातिकडा, फुगलेला, पण दिसला. आठही वाटे दिसले. आणि एका वाट्यात दोन नळ्या आहेत, तेही दिसलं. का, कसं, ते मोठ्या बाबांना ठाऊक. दुसऱ्या एका वाट्यात नळीच नव्हती. तिच्या बदल्यात काळजाचा एक तुकडा जास्त होता.

काठी दोन नळ्यांच्या वाट्याला लागली. "हा कोणाचा?"

"आमचा," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच निष्पाप निघाला असावा.

बिननळीचा वाटा शेवटी उरला. तो गेला गल्लीच्या टोकाच्या एका काकूकडे. काकूचा नवरा आदल्या वर्षी वारला होता, घरात दोन पोरं होती. तिला तो वाटा मी दिला नाही, तो आपोआप उरला. असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

मी दुपारपर्यंत चुलीभोवती घुटमळत होतो. जेवायला पहिला बसला आमचा सालदार. करीला तोच पहिला बसायचा. मायनं त्याच्या भाकरीवर रस्सा ओतला आणि पळी खाली घालून एक नळी त्याच्या ताटात ठेवली. माझं तोंड बघून म्हणाली, "वर्षभर बैल कोनं वागवले? तू?"

ठीक आहे, एक गेली. मी दुसरीवर नजर ठेवून बसलो. मायनं एक वाटी घेतली, रस्सा भरला, चार तुकडे घातले, वर ताटली झाकली आणि माझ्या हातात दिली. "जाय, काकूकडे देऊन ये. ताटली उघडू नोको."

वाटेत कडुनिंबाखाली मी ताटली उघडली. दुसरी नळी त्या वाटीत होती. मी ती खाल्ली नाही. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. रस्सा कढत होता.

परत आलो तेव्हा माय भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घागर म्याच घासली होती काल. मले माहीत हाय तिच्यात काय काय दिसते ते."

बस. एवढंच. ना रागावली, ना मारलं. पुढे बँकेत लागल्यावर मला शिकवलं गेलं, की वहीत चुकीची नोंद पडली तर ती खोडायची नसते. तिच्याविरुद्ध तेवढ्याच रकमेची उलटी नोंद टाकायची असते. मला ते नव्यानं शिकावं लागलं नाही.

ही गोष्ट मी छत्तीस-सदतीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. आता लिहून बसलो, त्याला कारण आमचा पुतण्या.

पुतण्या पुण्याला राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. केंद्राच्या परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा एक वेगळा पेपर असतो. म्हणजे सरकारी नोकरीत शिरण्याआधी माणसाला नीती यावी, अशी अपेक्षा आहे. शिरल्यानंतरची सोय अजून झालेली नाही. तर गेल्या करीला हा आला होता. मी दीड किलो मटण घेऊन आलो होतो आणि कांदे सोलत मटणवाल्याची तक्रार सांगत होतो. मी त्याला म्हटलं होतं, "भाऊ, दोन नळ्या टाक." तो म्हणाला, "साहेब, बोकडाले पायच चार असतात, अन् सकाळपासून चाळीस गिऱ्हाइकं नळी मागून गेली." शेवटी एक मिळाली. खाणारे सहा: मी, आमची ही, माय, नऊ वर्षांची मुलगी, पुतण्या, आणि आमच्या शाखेत बदलून आलेला कोकणातला एक सहकारी, जो एकटाच राहतो म्हणून बोलावला होता.

"काका, हा तर अमर्त्य सेनांचा प्रश्न आहे," पुतण्या म्हणाला.

मी म्हटलं, सेनबाबू बंगाली, त्यांचा प्रश्न माशाच्या डोक्याचा असेल. पण नाही. २००९ साली त्यांनी न्यायावर पुस्तक लिहिलं, त्यात एक बासरी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारी तीन मुलं आहेत. ॲन म्हणते, मलाच ती वाजवता येते. बॉब म्हणतो, मी गरीब आहे, माझ्याकडे दुसरं एकही खेळणं नाही. कार्ला म्हणते, महिनोन्‌महिने खपून बासरी मी तयार केली आहे. तिघांचंही म्हणणं एकेकटं ऐकलं तर बरोबर. द्यायची कोणाला? सेन म्हणतात, तिघांच्याही मागे खरी कारणं आहेत आणि एकच उत्तर काही सगळ्यांना पटेलसं नाही. नोबेल मिळालेल्या माणसाचा हिशोब जुळत नाही म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

शिवाय बासरी आणि नळी यांत फरक तो किती. दोन्ही पोकळ, दोन्ही तोंडाला लावायच्या. बासरीत फुंकायचं, नळीतून ओढायचं.

आमच्या घरात हक्कदार आणखीच जास्त. नळी खाण्यात वाकबगार मी. पैसेही माझे. माय पंचाहत्तरीची, दात नसलेल्या माणसाला बोकडाचा दुसरा कोणता तुकडा जमणार? पुतण्याची परीक्षा. पाहुणा तो पाहुणाच. मुलीनं अजून चाखलेली नाही. आणि कार्ला? ती ओट्याशी उभी होती. कांदा आणि सुकं खोबरं जाळावर काळं होईतो भाजून झालं होतं. धने, खसखस, दगडफूल, लवंग, मिरे तव्यावर परतून मिक्सरमध्ये गेले होते. मिक्सरला ती मान देत नाही, पण आता मनगट दुखतं म्हणून पाटा-वरवंटा सुटला. तेलात मसाला पडला आणि पुतण्याचं नीतिशास्त्र पाच मिनिटं बंद पडलं. तो नुसता वास घेत उभा राहिला. काळीज तिनं वेगळं काढून तव्यावर सुकं केलं होतं. रश्शावर बोटभर तर्री आली होती. ज्वारीच्या भाकरी, भात, कांदा, लिंबू, आणि कालच्या उरलेल्या चार पुरणपोळ्या. (पुरणपोळी रश्शात बुडवून खाणारी माणसं आहेत. मी त्यांतला एक आहे. ज्यांना हे अधर्म वाटतं त्यांनी एकदा करून पाहावं.)

पुतण्याकडे आणखी एक पंडित होता, अमेरिकेतला जॉन रॉल्स. १९७१ च्या त्याच्या ग्रंथात अज्ञानाचा पडदा आहे. समाजाचे नियम ठरवताना माणसानं असं समजावं, की आपण त्या समाजात कोण होणार, गरीब की श्रीमंत, धडधाकट की लंगडे, हे आपल्याला ठाऊकच नाही. मग तो आपोआप न्यायानं वागेल. पुतण्या हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं एक पोर आलं. रॉल्ससाहेबांच्या पडद्याआड घागर नव्हती, एवढंच.

मी जाहीर केलं, यंदा वाढायचं नाही. यंदा वाटे.

ही म्हणाली, "कायले उगाच? म्या वाढतो ना."

(आमच्या वऱ्हाडात बायकासुद्धा 'वाढतो, करतो, जातो' म्हणतात. पण ही स्त्री-पुरुष समानता क्रियापदापाशीच संपते.)

सहा ताटं ओट्यावर मांडली. मटणाचे तुकडे मी मोजून टाकले, प्रत्येकी सात. काळजाचे दोन-दोन. एका ताटात नळी. त्यात तुकडा एक कमी. मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिच्यासमोर पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप होतं, चकचकीत. मी त्यावर टॉवेल टाकला.

"हे कायले झाकलं?" ही म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. पलीकडे खुर्चीवर बसलेली माय हसली, की तिला ठसका लागला, ते मला नीट कळलं नाही.

"हे कोणाचं?" "पाहुण्याकाकांचं." "हे?" "आजीचं." असं होत होत नळीचं ताट आलं आणि पोरीच्या तोंडून निघालं, "आईचं." मी मनात म्हटलं, वा! कार्ला जिंकली.

जेवायला बसलो. पहिला घास घेण्याआधीच हिनं नळी उचलली आणि पाहुण्याच्या ताटात ठेवली. पाहुणा म्हणाला, "छे हो, आम्हां मासेखाऊंना त्यातलं काय कळतंय," आणि त्यानं ती मायला दिली. माय म्हणाली, "पोराची परीक्षा हाय," पुतण्याच्या ताटात नळी. पुतण्या तासभर न्यायावर बोलला होता. आता ती कोणत्या तोंडानं खाणार? त्यानं बहिणीला दिली. ती आत डोकावून म्हणाली, "मला नको, हिच्यात चिखल आहे." नळी माझ्याकडे आली. एवढ्या सगळ्यांनी सोडलेली वस्तू मी एकट्यानं ओढत बसायचं म्हणजे बरं दिसेना. मी ती परत हिच्या ताटात टाकली. जुन्या काळी चेक असा हातोहात फिरून यायचा, मागे पाच-सहा सह्या होऊन. वटवणारा कोणीच नाही.

तेवढ्या वेळात दुसरीही उलाढाल चालू होती. मायला चावणार नाहीत असे बरगडीचे तुकडे पुतण्याकडे गेले, त्याच्याकडचं काळीज मायकडे आलं. मुलीला तिखट लागलं म्हणून तिची भाकरी माझ्याकडे आणि माझी पुरणपोळी तिच्याकडे. हिनं आपले तीन तुकडे पाहुण्याला 'घ्या ना, घ्या ना' करत वाढून टाकले, दोन मुलीला. दहा मिनिटांत सहाही ताटांची अशी अवस्था झाली, जशी ती हिनं एरवी वाढून झाली असती. सगळे जेवले, ज्याला जे हवं ते मिळालं, आणि हिच्या ताटात रस्सा, भात आणि ती गार झालेली नळी. म्हणजे मी मोजलेल्या बेचाळीस तुकड्यांचा आणि पुतण्याच्या दोन ग्रंथांचा निकाल शून्य.

पुतण्या चतुर आहे. तो एकदम थांबला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणजे कार्ला."

"कारलं? ते उद्या करतो," ही म्हणाली आणि पाहुण्याला भात आणायला उठली.

रात्री भांडी आवरताना मी पाहिलं, नळी एका वाटीत झाकून ठेवलेली होती. बहुधा सकाळी मला द्यायला. चरबी थिजून पांढरी झाली होती. मी विचारलं, "तुला नळी आवडते का गं?"

लग्नाला वीस वर्षं झाली. त्यातली वीस करी गेल्या. हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो. कर्जदाराला आम्ही बँकेत याहून जास्त प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतो.

ती भांडं विसळत होती. म्हणाली, "आवडते ना. पण गरम असली तं."

मी गॅस पेटवला. छोट्या पातेल्यात उरलेला रस्सा घातला, नळी घातली. "एवढी आच नोको," ती मागून म्हणाली, "रस्सा आटन." मी आच कमी केली. उकळी यायला फार वेळ लागला. मला गॅसजवळ उभं राहायची सवय नाही, काय करावं सुचेना, म्हणून मी नुसता पळी ढवळत राहिलो. मग पाट टाकला, वाटी समोर ठेवली, आणि ती बसली. मी मुद्दाम पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पिंपावरचा टॉवेल अजून तसाच होता.

टक, टक.

बाजूच्या खोलीतून मायचा आवाज आला, "कोन खाऊन राह्यलं रे इतक्या राती?"

क्षणभर काही उत्तर नाही.

"मीच आहो," ही म्हणाली. आणि पुन्हा टक, टक.